मधल्या खोलीचं दार

घरात एखादं दार नसलं तर कुणाचं काय अडतं? आमचं तरी काही अडत नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खुशाल सांगत असे.

आम्ही सांगलीत नदीच्या अंगाला राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला, तेव्हा पाणी घरात कमरेएवढं चढलं होतं. ओसरल्यावर पाहिलं तर मधल्या खोलीचं दार फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले. ते काढून टाकलं, चौकट तेवढी राहिली. मग फरशी, विजेच्या तारा, गाद्या, रंग असं करता करता दाराची पाळी येईपर्यंत हातातले पैसे संपले. मी एका जुन्या साडीचा पडदा शिवून लावला. 'बघू दिवाळीनंतर' म्हणता म्हणता तीन पडदे जुने झाले.

मागल्या वर्षी सासूबाई न्हाणीत घसरल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांची कॉट मधल्या खोलीत आली. बाहेरच्या खोलीत दुपारी चार ते सहा माझ्या शिकवण्या, दहा-बारा मुलं. मध्ये पडदा.

महिन्याभरात आईंना लघवीला जळजळ सुरू झाली, तापही आला. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पिता?" आई गप्प. मी म्हटलं, "तांब्या भरून उशाशी ठेवते की!" घरी आल्यावर मात्र मी हट्टच धरला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "जेवणानंतर नाही पीत गं. भांडं लागलं तर? बाहेर पोरं बसलेली असतात. पडद्यातून सगळं ऐकू जातं."

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज तो भरलेला तांब्या मीच संध्याकाळी झाडांना ओतत होते, आणि एकदाही मनात आलं नाही की हा भरलेलाच का राहतो!

'हे' म्हणाले, "जाड कापडाचा पडदा लाव की." मी काही बोलले नाही. शिकवणीचे पैसे काढले आणि मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी चौकटीवर एकदा टेप धरला, वरच्या बाजूला, आणि आकडा पाकिटावर लिहून घेतला. आठ दिवसांनी फ्लशचं दार आलं, उभं केलं, तर वरून बसतंय आणि खाली अडकतंय! "बाई, तुमची चौकटच वाकडी," म्हणाले. म्हणजे दोष पुराचा, आमचा, सगळ्यांचा. टेपचा तेवढा नाही.

शेवटी शेजारच्या वहिनींनी त्यांच्या ओळखीचे एक म्हातारे सुतार धाडले. त्यांनी आधी ओळंबा सोडला. मग रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली, उंची दोन्ही बाजूंनी. खाली चौकट चार मिलिमीटर आत आली होती. "सगळ्यांत कमी भरेल ते माप धरायचं," म्हणाले, "आणि फरशी नवी आहे ना? मग जुन्या दाराचं माप विसरा." तिरपी रेघ मारून त्यांनी बेताबेतानं रंधा चालवला. फ्लशच्या दाराला कडेला थोडीच भरीव पट्टी असते. जास्त तासलं तर आतलं पोट उघडं पडतं, हे मला तेव्हा कळलं. बिजागऱ्या तीन. दाराखाली पाचरी सारून ते उचलून धरलं, प्रत्येक बिजागरीत आधी एकच स्क्रू पिळला, दार उघडून-मिटून पाहिलं आणि मगच बाकीचे.

बायांनो, एक गोष्ट मात्र आवर्जून करून घ्या. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेलाही रंग लावायला सांगा. दिसत नाही म्हणून तिथंच टाळाटाळ होते, आणि ओल तिथूनच शिरते. आजारी माणसाच्या खोलीला आतून कडीही नको. आत पडलं-झडलं तर दार फोडत बसायचं का? आम्ही नुसता चुंबकाचा खटका बसवला. शिवाय दार कॉटवर आपटू नये म्हणून बिजागऱ्या भिंतीच्या बाजूला घेतल्या.

आई हे सगळं पडल्या पडल्या बघत होत्या. "कशाला एवढा खर्च," दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा नाही म्हणाल्या.

आता अडचण एकच, दार लोटल्यावर त्यांची हाक मला ऐकू कशी यायची? देवातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली. "देवाची गं ती!" म्हणत त्यांनी ती दोनदा वाजवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मुलं आली. मी दार ओढून घेतलं, खटका टक्कन लागला. तेराचा पाढा निम्म्यावर आला असेल नसेल, आतून घंटा वाजली. मी धावतच गेले.

"काही नाही गं," आई म्हणाल्या, "तांब्या रिकामा झालाय."