शेऱ्याचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये अगदी उजव्या टोकाला एक अरुंद रकाना असतो. मराठीत त्याला आपण 'शेरा' म्हणतो, कन्नडात 'षरा'. आमच्या हुबळी-धारवाडात हा शब्द दोन्ही भाषांच्या घरांत सारखाच नांदतो. बहुतेक मुलांच्या नावापुढे तो रकाना कोरा राहतो. फार तर 'वडिलांची बदली' असे काहीतरी लिहिलेले असते. तीसएक वर्षे मी या रजिस्टरांच्या सहवासात काढली. त्या रकान्यात जे लिहिले त्याचा मला फारसा पश्चात्ताप नाही. पण एका मुलाचे नाव मी रजिस्टरात येऊच दिले नाही, त्याची टोचणी अजून जात नाही.

२००४ सालचा जून. हेडमास्तर व्हायला मला अजून बरीच वर्षे होती. त्या वेळच्या शाळेत प्रवेशाचे टेबल माझ्याकडे होते. बाहेर पावसाची झड लागली होती. एक बाई पदराने डोके पुसत आत आल्या. मागे पंधराएक वर्षांचा मुलगा.

"सर, नववीत घ्या की हो ह्येला. एक वर्ष वाया गेलंय."

दाखल्यावरची तारीख बरीच जुनी होती. मी विचारले, "इतके दिवस कुठे होतास?" बाई गप्प राहिल्या. मुलगाच म्हणाला, "रिमांड होममध्ये होतो, सर." एका सायकलीच्या चोरीत मोठ्या पोरांबरोबर सापडला होता. खोटे बोलला असता, आजारी होतो म्हणाला असता, तर मी त्याला बहुधा घेतले असते. मी दाखला परत दिला आणि अगदी गोड आवाजात सांगितले, "वर्ग भरलाय. पुढच्या वर्षी बघू." वर्ग भरला नव्हता. त्याच आठवड्यात त्या वर्गात मी आणखी चार मुले घेतली. पुढच्या वर्षी तो आला नाही. कोण येईल?

आपण शाळेचे भले केले, असेच तेव्हा मला वाटले होते. पुढे हेडमास्तर झाल्यावर एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने बालन्यायाचा कायदा हाती आला आणि माझी मान खाली गेली. २०१५ चा कायदा म्हणतो की, अपराधात सापडलेल्या मुलाची प्रक्रिया पूर्ण झाली की त्या ठपक्यामुळे त्याला पुढे कुठेही अपात्र ठरवायचे नाही, त्याच्याविरुद्धचे कागदही मुदतीनंतर नष्ट करायचे. सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चालून दोष ठरला, तर गोष्ट वेगळी. मुलाचे नाव, त्याची शाळा, त्याचा पत्ता छापायला बंदी आहे. प्रकरण मिटले असेल तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनीही ते उघड करायचे नाही. यातले अपात्रतेचे कलम काही नवे नाही. २००० च्या कायद्यात ते होते, त्याआधी १९८६ च्या कायद्यातही होते. म्हणजे ज्या जूनमध्ये मी तो दाखला परत केला, त्या जूनमध्येही ते होतेच. सरकारने कागद फाडायचा ठरवला होता आणि मी तो मनात जपून ठेवला.

खरे तर धारवाडकरांना हा विषय अनोळखी असू नये. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांचा कायदा झाला आणि १९२९ साली बोर्स्टल शाळांचा. बोर्स्टल हे इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका गावाचे नाव. कोवळ्या वयाच्या गुन्हेगारांना मोठ्या कैद्यांत न मिसळता वेगळे ठेवायचे, काम आणि शिक्षण द्यायचे, हा प्रयोग तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी झाला. इलाख्याची अशी शाळा आमच्या धारवाडला होती. १९५६ साली राज्ये वेगळी झाली, नकाशे बदलले. पण पोराला सुधारायचे असेल तर त्याला शाळा लागते, ही गोष्ट या गावाने एवढ्या लवकर पाहिली होती, हे आपण विसरलो.

आता दुसऱ्या मुलाची गोष्ट सांगतो. ती २०२३ सालची. आठवीतला एक मुलगा महिन्यातून एखादा दिवस न सांगता गैरहजर राहायचा. वर्गशिक्षिका रागावून त्याला माझ्याकडे घेऊन आल्या.

"काल कुठे होतास?"

"आप्पाला भेटाय गेलतो."

"कुठे?"

"धारवाडला."

"धारवाडात कुठे?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडू लागला. धारवाडला मध्यवर्ती कारागृह आहे, हे हुबळीत कुणाला सांगावे लागत नाही. मला एकदम तो पावसाळी जून आठवला. मी पुढे काही विचारले नाही. बापाने काय केले, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची आज्जी आली. मुलाची आई आधीच वारलेली. आज्जी एका खानावळीला ज्वारीच्या भाकऱ्या थापून देते. महिन्यातून एकदा नातवाला घेऊन चिगरी बसने धारवाडला जायचे, त्या दिवशी भाकऱ्यांचे पैसे बुडायचे. म्हातारी म्हणाली, "पोराचं नाव काढू नका, सर. त्यानं काय केलं न्हाई." हे तिला माझ्याजवळ बोलावे लागले, याचीच मला लाज वाटली.

त्या घराकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात आली. पोलिसांच्या कागदात आरोपी असतो, कोर्टाच्या कागदात खटला, तुरुंगाच्या वहीत कैदी. त्याच्यामागे घरी राहिलेल्या मुलाचे नाव यातल्या कुठल्याच वहीत ठळक नसते. ते रोज सकाळी फक्त शाळेच्या हजेरीत पुकारले जाते. आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या लहान मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली नियम घालून दिले. सहा वर्षांपर्यंत मुलाला आईजवळ राहता येते, आणि तुरुंगात जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून तुरुंग लिहायचा नाही. सहा वर्षे म्हणजे पहिलीचे वय. ते मूल तुरुंगाच्या दारातून बाहेर पडते ते आपल्याच दाराशी येते.

मी आज्जीला घेऊन जिल्हा बालसंरक्षण कक्षात गेलो. तिथून बालकल्याण समितीपुढे. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये नातलगांकडे वाढणाऱ्या गरजू मुलासाठी महिना ४,००० रुपयांचे साहाय्य आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा खेड्यात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपये. सगळे अर्ज कन्नडात, आणि आज्जीला अक्षरओळख कुठल्याच भाषेची नाही. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, एकेक कागद जमवताना चपला झिजल्या. एका कागदावर बापाचे नाव एक होते, दुसऱ्यावर दुसरे. पाच महिने गेले. पण पैसे सुरू झाले आणि आज्जीने पहिल्या महिन्यात नातवाला बूट घेतले. वाचकांपैकी अनेकांचे सोयरे कोल्हापूर-सांगलीकडे आहेत, म्हणून सांगतो. महाराष्ट्रातल्या बालसंगोपन योजनेत तुरुंगात असलेल्या पालकांची मुलेही धरली आहेत, आणि २०२३ साली तिची रक्कम महिना १,१०० वरून २,२५० रुपये झाली.

हे काम एकट्या मास्तराचे नव्हे. खेड्यात ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणि शहरात वॉर्डाच्या पातळीवर मुलांच्या संरक्षणासाठी समिती असावी, अशी योजनेची अपेक्षा आहे. १९६२ साली जोडलेल्या आमच्या महापालिकेत २०२१ च्या निवडणुकीवेळी ८२ वॉर्ड होते. गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, तर आपण नगरसेवकाच्या दारात जातो. आमच्या वॉर्डात किती मुलांचे आई-बाप तुरुंगात आहेत आणि ती शाळेत जातात का, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले आहे? मी तरी त्याआधी गेलो नव्हतो.

कुणी म्हणेल, गुन्हेगारांचे एवढे लाड कशाला? धारवाडचे बेंद्रे मास्तर आठवा. घरी मराठी बोलणारा हा कन्नडचा मोठा कवी. इंग्रजांच्या अमलात 'नरबली' या कवितेपायी त्यांना हिंडलग्याच्या तुरुंगात जावे लागले, आणि सुटून आल्यावर कित्येक वर्षे कायमची नोकरी मिळाली नाही. अखेर सोलापूरच्या कॉलेजाने त्यांना कन्नडचे प्राध्यापक केले. त्यांचे कारण देशाचे होते, चोरी-मारामारीचे नव्हे, हे मलाही कळते. पण बाप कुठल्याही कारणाने आत गेला तरी घरातल्या मुलाची भूक एकाच जातीची असते. आणि तुरुंगाचा शिक्का बसलेल्या माणसासाठी दार बंद करायला गाव फारसा विचार करत नाही, हे बेंद्र्यांच्या बाबतीतही दिसले होते.

तो आठवीतला मुलगा यंदा दहावी पास झाला. मार्क साधारणच आहेत. निकालाच्या दिवशी त्याने विचारले, "सर, दाखल्यावर आप्पाचं काय लिव्हणार?" मी म्हणालो, "नाव लिहिणार. दुसरं काय लिहायचं असतं?" त्याने दाखला हातात घेऊन शेऱ्याचा रकाना नीट पाहिला. कोरा होता. मग घडी घालून दाखला खिशात ठेवला आणि आज्जीला दाखवायला पळाला.

२००४ सालचा तो दुसरा मुलगा आता पस्तिशीचा असेल. तो कुठे आहे, काय करतो, मला ठाऊक नाही. त्याचे नाव माझ्या कुठल्याच रजिस्टरात नाही, त्यामुळे शोधायलाही जागा नाही. आता प्रवेशाचे टेबल दुसऱ्या शिक्षकांकडे असते. दर जूनमध्ये मी त्यांच्याशेजारी एक खुर्ची टाकून बसतो. मध्ये वर्ष गेलेले मूल आले, तर तेवढे मात्र माझ्याकडे पाठवा, म्हणून सांगून ठेवले आहे.