गल्लीतला ब्राझीलचा झेंडा

फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी आमच्या वसईत एरवी पावसाच्या आधी झेंडे येतात. पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, पुढे थेट आगाशीपर्यंत, नारळाच्या झावळ्यांमधून ब्राझीलचा हिरवा-पिवळा, अर्जेंटिनाचा निळा-पांढरा आणि अधूनमधून पोर्तुगालचा लाल-हिरवा झेंडा दिसतो. मी इथेच जन्मलो, इथेच वाढलो, तरी हे झेंडे मला अनेक वर्षं खटकत होते. मनातल्या मनात नव्हे, मी ते बोलूनही दाखवायचो. ज्या स्पर्धेत आपला देश नाही, तिथे आपण कुणासाठी रात्री जागायचं? आणि चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये ज्या पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, त्यांचाच झेंडा त्या किल्ल्याच्या सावलीत लावायचा?

शेजारच्या मुलाने एकदा मला सरळ उत्तर दिलं होतं. "काका, तुम्ही बॉल बघा ना. झेंडा कशाला बघता?" तेव्हा मला ते उद्धट वाटलं.

माझी भूमिका अगदीच पोकळ होती असं मी आजही म्हणणार नाही. उसनं घेतलेलं प्रेम लवकर विटतं, आणि दूरच्या संघासाठी रडणारा माणूस गावातल्या मैदानाकडे पाठ फिरवतो, अशी मला प्रामाणिक भीती होती. पण त्या भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, ते मला उशिरा दिसलं.

२०१९ साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि काहींनी आक्षेप घेतले. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, असा त्यांचा सूर होता. मी अतिशय संतापलो. 'सुवार्ता' मासिक चालवलेला, 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा, हरित वसईसाठी लोकांना घेऊन रस्त्यावर उतरलेला हा माणूस आमचा नव्हे तर कुणाचा? भेटेल त्याला मी हे तावातावाने सांगत होतो. सांगता सांगताच लक्षात आलं, की माणसाला त्याच्या मुळावरून मोजायचं ही आक्षेप घेणाऱ्यांची रीत तीच, जी मी झेंड्यांना लावत होतो. झेंडे हिंदूंच्या घरांवर होते, मुसलमानांच्या होते, ख्रिस्ती शेजाऱ्यांच्याही होते. मला मात्र राग यायचा तो ख्रिस्ती घरावरचा झेंडा पाहून. त्यातही पोर्तुगालचा असेल तर अधिकच. रोनाल्डोवर जीव टाकणारं पोर पोर्तुगीज राजवटीची आठवण काढत नसतं, हे कुणालाही कळेल. मला कळून घ्यायचं नव्हतं.

हे लिहिताना जड जातं. ज्या घरातून नाताळला फुगे, इंद्याल असे खास पदार्थ आमच्याकडे येतात आणि दिवाळीला आमचा फराळ ज्या घरी जातो, त्या घराच्या मराठीपणाची मी मनात कुठेतरी परीक्षा घेत होतो. आपण ते कधी तोंडाने म्हटलं नाही, एवढ्याने ते पुसलं जात नाही.

मत बदललं ते मात्र चेंडूमुळे नव्हे, तबकड्यांमुळे. माझा जुना छंद अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डी जमवण्याचा. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं, लाखेची जड तबकडी, हातून पडली की संपली. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ. एच.एम.व्ही., ओडियन, यंग इंडिया. नाट्यसंगीत आणि शास्त्रीय, बाकी काही नाही, असा माझा नियम होता. ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजणारी चित्रपटगीतं मी घरात आणत नसे. ती नक्कल, आणि माझ्या कपाटात असेल ते अस्सल, अशी माझी ठाम विभागणी होती.

मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. तिच्या मंडळींमुळे, विशेषतः सुरेश चांदवणकरांच्या लेखनामुळे, माझ्यासारखे पुष्कळ लोक तबकडी ऐकण्याबरोबर वाचायलाही शिकले. लेबलावर काय छापलंय, गुळगुळीत भागावर कोणता क्रमांक कोरलाय, ती कुठे दाबली गेली. आणि वाचायला लागलो तशी माझी विभागणी ढासळत गेली. नोव्हेंबर १९०२ मध्ये इंग्रजांच्या रेकॉर्ड कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गायिका गौहर जानचा आवाज मुद्रित केला, आणि ते साचे तबकड्या करायला गेले जर्मनीतल्या हॅनोव्हरला. कोलकात्यात कारखाना निघाला १९०८ मध्ये. तोवर आपलं बरंचसं मुद्रित गाणं हॅनोव्हरहून बोटीने परत यायचं. तबकडीतली लाख मात्र बहुतांशी इथलीच, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली, छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा झालेली. आपली लाख, आपला गळा, इंग्रजांची कंपनी, जर्मनीतला कारखाना. माझ्या कपाटातलं अस्सल ते हे असं होतं.

आणि ऑर्गन! बालगंधर्वांच्या गाण्याला ज्या ऑर्गनच्या सुरांनी भरलेपण येतं, तो म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या लहानलहान चर्चमध्ये प्रार्थनेला वाजणारं वाद्य. हार्मोनियमही तिकडचीच. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी केली आणि गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यातून असं काही काढलं, की आज पेटीशिवाय भजन सुरू होत नाही. तरीही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दारं बंद ठेवली. मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, वाद्य परदेशी आहे, ही कारणं. त्या बंदीबद्दल मी कायम चिडून बोलत आलो आहे. आणि घरात मी स्वतः दुसऱ्या वाद्यांवर तशीच बंदी घालून बसलो होतो.

त्यानंतर मी 'अलबेला'ची रेकॉर्ड विकत घेतली. १९५१चा चित्रपट, नायक आणि दिग्दर्शक भगवानदादा, संगीत सी. रामचंद्रांचं. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हे टोपणनाव घेतलेला, गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ. पडद्यावरही तो आपल्या वाद्यवृंदासह दिसतो. गोव्याच्या चर्चशाळांत सूर आणि स्वरलिपी शिकलेल्या अशा वादकांच्या खांद्यावर हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचा केवढा तरी भार होता. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आता तरी लोक घेतात. तबकड्यांच्या लेबलावर ती सहसा नसायची. मी ती रेकॉर्ड लावली आणि लागोपाठ पुन्हा लावली. अमेरिकेतल्या काळ्या वादकांची लय, गोव्याचा श्वास, गिरणगावातल्या भगवानदादांचे पाय. यातलं परकं कोणतं, हे मला सांगता येईना, आणि सांगावंसंही वाटेना.

खाण्याचं तर विचारूच नका. आषाढी एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी होते, पिढ्यानपिढ्या. आज आपण खातो तो साबुदाणा कसावाच्या कंदाचा, तो मूळचा ब्राझीलकडचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा अँडीज पर्वतातला, मिरचीही अमेरिका खंडातलीच. यांतलं बरंचसं पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, त्यामुळे आमचा किनारा त्या उतरण्याच्या वाटेवरचाच. विठ्ठलाच्या उपासाला चालणाऱ्या या खिचडीत तूप, जिरं आणि मीठ एवढंच जुनं. म्हणून खिचडी मराठी नाही असं कुणी म्हटलं तर माझी आई त्याला पुन्हा दारात उभं करणार नाही, आणि ते रास्तच आहे.

पावाचं उदाहरण मला याहूनही आवडतं. युरोपातली भट्टी इथे आली, पण यीस्ट मिळेना. तेव्हा कणीक फुगवायला घेतली ताडामाडाची ताडी. आमच्याकडच्या फुग्यांचं पीठही जुन्या घरांत ताडीनेच आंबवत. मैदा तिकडच्या सवयीचा, आंबवणारा रस आमच्या वाडीतल्या झाडाचा, आणि झाडावर चढणारा भंडारी. शेजारच्या मावशी फुगे तळताना पीठ हाताच्या मुठीतून पिळून तेलात सोडतात, आणि ते गोल टपोरे वर येतात. मी ते लहानपणापासून खातो आहे. त्याची चव घेताना 'हे कुठून आलं' असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो फक्त झेंडा पाहून पडायचा.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. वसई जिंकल्यावर मराठ्यांनी इथल्या चर्चमधल्या घंटा नेल्या, त्यांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ साल आहे, आणि कडेवर बाळ घेतलेली मरियम. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटाही वसईचीच. मेणवलीला पूर्वी गेलो तेव्हा ही विजयाची खूण म्हणून मी अभिमानाने पाहिली होती. अभिमान आजही आहे, चिमाजी अप्पांच्या त्या मोहिमेत माणसांनी जीव दिले आहेत. पण पुन्हा गेलो तेव्हा वाटलं, मरियमेची आकृती कुणी घासून काढली नाही. घंटा वितळवून तोफ ओतली नाही. ती तशीच देवाला वाहिली. ज्या मराठ्यांचं नाव घेऊन मी शेजाऱ्यांच्या झेंड्यावर बोलत होतो, ते माझ्याहून मोकळ्या मनाचे होते.

मग मी फुटबॉल नीट बघायला लागलो. आधी बघत नव्हतो असं नाही. जून १९८६ मध्ये रात्री साडेअकराला दूरदर्शनवर अर्जेंटिना-इंग्लंड सामना लागला, त्या रात्री मीही टीव्हीसमोर होतो. मॅराडोनाचा तो दुसरा गोल पाहून अख्खी खोली उभी राहिली होती. माझ्या पिढीतली वसईची अर्जेंटिनाभक्ती तिथून सुरू झाली. पण मी ती मान्य करायला तयार नव्हतो. आता वाचतो तेव्हा कळतं, की ब्राझीललाही हा खेळ परकाच होता. साओ पाउलोत जन्मलेला चार्ल्स मिलर १८९४ मध्ये इंग्लंडहून शिकून परतला तो चेंडू घेऊन. अर्जेंटिनात तर ब्रिटिश रेल्वेवाल्यांनी आणि शाळामास्तरांनी तो रुजवला. रिव्हर प्लेट, न्यूवेल्स ओल्ड बॉईज ही क्लबांची नावं आजही इंग्रजीच आहेत. त्या मातीतून गॅरिंचा, पेले आणि मेस्सी निघाले आणि खेळ त्यांचा झाला. इंग्रजांना तो परत मागायची सोय राहिली नाही. आपल्याकडे मोहन बागानने १९११ मध्ये जवळजवळ सगळ्यांनी अनवाणी खेळून ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा तो आपलाही झाला होता.

१८ डिसेंबर २०२२, रविवार. नाताळ आठवड्यावर आलेला, घराघरांवर चांदण्या लागलेल्या, गोठ्यांची तयारी चाललेली. अर्जेंटिना-फ्रान्स अंतिम सामना आमच्या आळीत मोठ्या पडद्यावर होता. मी खुर्ची घेऊन गेलो. दोन-शून्य, मग एम्बापेचे दीड-दोन मिनिटांतले दोन गोल, मग तीन-तीन आणि शेवटी पेनल्टी. माझ्या शेजारी फ्रान्सकडून ओरडणारा एक पोरगा होता, त्याचा आजोबा अर्जेंटिनाकडून. दोघं आपसांत कादोडीत भांडत होते. सामवेदी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण दोघांच्याही घरची ही बोली. मला तिच्यातलं सगळं कळत नाही. ज्या पोराचं भांडण मला नीट समजत नाही, इतकं जे मुळातलं, स्थानिक मराठी आहे, त्याचं मराठीपण मी मोजायला निघालो होतो.

माझी एक तक्रार मात्र मी सोडलेली नाही. मेस्सीचा दहा नंबर घालणाऱ्या आमच्या मुलांना नेव्हिल डिसूझा ठाऊक नसतो. मूळचा गोव्यातल्या आसगावचा, मुंबईत खेळलेला. १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, भारत चार-दोनने जिंकला आणि उपांत्य फेरीत पोचला. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. हे मी आता सामन्याच्या मध्यंतरात सांगतो. मुलं ऐकतात, फोनवर शोधतात, फोटो एकमेकांना दाखवतात. झेंड्याबद्दल चिडून बोलायचो तेव्हा यातलं एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पावसाळ्यात चिखलात होणारे गावचे सामने पाहायलाही मी जातो. दूरचा संघ ज्यांना रात्रभर जागवतो, तीच पोरं सकाळी तिथे खेळायला असतात. माझी जुनी भीती निदान आमच्या मैदानावर तरी खरी ठरलेली नाही.

तबकड्यांचं कपाट भरलं आहे. जमवण्याचा नाद सुटत नाही, म्हणून तो आता दुसरीकडे वळवला आहे. शेजारच्या आजींना लग्नातली कादोडी गाणी येतात, हळदीची, मांडवाची, नवरीला निरोप देण्याची. त्या गातात, मी फोनवर मुद्रित करतो, आणि त्यांची सून शब्द उतरवून देते. ऐंशीच्या दशकात आखातातून आलेल्या टेपरेकॉर्डरवर वसईतल्या कितीतरी घरांनी आपली लग्नं टेप केली होती. त्या कॅसेट माळ्यावर पडून आहेत, बुरशी धरताहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत. फीत तुटली असेल तरी चालेल, ती जोडता येते. मी घरी येऊन घेऊन जाईन आणि गाणं उतरवून कॅसेट परत आणून देईन.