धार आधी, थेंब नंतर

दिघ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात औषधांच्या खोक्यांवर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापणारं इंकजेट मशीन होतं. ते सांभाळणारे काका आमच्याच चाळीत राहायचे. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे पॅकिंगला लागले आणि पुढे ज्या विषयात माझं आयुष्य गेलं, तो मला पहिल्यांदा काकांनी दाखवला.

त्या मशीनच्या नोझलचं छिद्र केसाएवढं. त्यातून शाईची अखंड धार निघते. आतला स्फटिक सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि धार सारख्या थेंबांत तुटते. तुटण्याच्या नेमक्या क्षणी थेंबाला विद्युतभार मिळतो, पुढच्या पट्ट्यांमधून जाताना तो भारानुसार वळतो आणि अक्षराचा एक ठिपका होतो. उरलेले थेंब सरळ ‘गटर’ नावाच्या नळीत पडून टाकीत परत जातात. स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत घडवली.

काका प्रिंट हेडचं झाकण काढून मला भिंगातून बघायला लावत. स्ट्रोबच्या लुकलुकत्या उजेडात पळते थेंब जागच्या जागी उभे दिसायचे. मी थेंबांतच रमायचे.

"थेंब काय बघतेस? धार कुठं तुटते ते बघ आधी."

तुटण्याची जागा सरकली की भार चुकतो, अक्षर फिसकटतं. नोझलच्या तोंडाशी शाई सुकली की धार वाकडी जाते. मोठ्या थेंबामागे बारके थेंब दिसू लागले की कंपनाचं व्होल्टेज बघायचं. छपाई बिघडली तरी काका अक्षरांच्या सेटिंगला आधी हात लावत नसत. पंप, फिल्टर, दाब, शाईचा घट्टपणा असं तपासत ते धारेच्या वाटेनेच पुढे येत. असं शिकवणारा माणूस मला नंतर कुठल्याही वर्गात भेटला नाही.

पृष्ठताणामुळे धार आपसूकच तुटणार असते, हे मी नंतर वाचलं. लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचं गणित मांडलं: धारेच्या व्यासाच्या साधारण साडेचार पट लांबीची लाट सगळ्यांत झपाट्याने वाढते. स्फटिकाची थरथर त्या तुटण्याला फक्त ताल लावून देते.

पुढे प्रयोगशाळेत पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराच्या, आत बारीक वाटा असलेल्या चिपा हाताळू लागले. इंग्रजी टी अक्षरासारख्या जोडावर मुख्य वाटेने तेल आणि बाजूच्या वाटेने पाणी येतं. पाण्याचं टोक मुख्य वाट अडवतं, मागे तेलाचा दाब साठतो आणि पाण्याची मान आवळून थेंब सुटतो. कॅलटेकमध्ये थॉर्सन, क्वेक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे थेंब करून दाखवले होते. आमचे थेंब मात्र लहानमोठे येत आणि सगळे चिपमध्ये खोट शोधत. मी सिरिंज पंपाकडे गेले. मंद गतीत मोटर पायरीपायरीने सरकत होती, तिचे झटके थेंबांपर्यंत पोचत होते. बारीक व्यासाची सिरिंज लावली. तेवढ्याच प्रवाहासाठी मोटर भराभर फिरू लागली आणि थेंब एकसारखे झाले. प्लाझ्माने जोडलेल्या ताज्या चिपेत पाणी भिंतींना चिकटायचं, तेव्हाही मला काकांच्या मशीनच्या नोझलचं तोंड आठवायचं. चिप तापवून ठेवली की भिंती पुन्हा पाणी झटकू लागतात.

एकदा दिघ्याला गेले होते, तेव्हा काकांना मोबाइलवर चिपेचा व्हिडिओ दाखवला.

"उरलेले थेंब परत कुठं जातात?" त्यांनी विचारलं.

"परत जात नाहीत, काका. रोगजंतूंच्या डीएनएच्या एका चाचणीत २० मायक्रोलिटर नमुन्याचे जवळजवळ २०,००० थेंब करतात आणि एकेक थेंब तपासतात. रिकामे किती निघाले, त्यावरूनच नमुन्यात मुळात किती रेणू होते ते काढतात."

"मग एखादा लहान आला तर?"

"हिशेब चुकतो."

"म्हणजे दाब धरून ठेवायलाच हवा," काका म्हणाले आणि आमच्या पंपाबद्दल खोदून खोदून विचारू लागले.

माझ्याकडे नवीन विद्यार्थी आले की त्यांच्या हाती मी आधी चिप देत नाही, पंप आणि नळ्या देते. हे कुणाकडून शिकले, तेही त्यांना सांगते.