कोंकणचें आमंत्रण

प्रवासापेक्षां प्रवासाचा बेत करण्यांतच अधिक मौज असते, असें ज्या कोणा रसिकानें म्हटलें असेल तो गृहस्थ एकत्र कुटुंबांत वाढलेला नसावा. आमच्या घरीं लहानथोर मिळून अकरा माणसें. प्रत्येकाचें मत निराळें, प्रकृति निराळी, आणि सवड तर त्याहूनहि निराळी. अशा घरानें अंबाजोगाईहून गुहागरापर्यंत मोटारीनें जाऊन यावें असा बेत २०१५ च्या दिवाळींत ठरला, आणि तो तडीस गेला गेल्या मार्गशीर्षांत. मधल्या वर्षांचा हिशेब कोणाला तरी द्यावा असें पुष्कळ दिवस मनांत होतें; तो येथें देत आहें.

आम्ही देशस्थ, कोंकणाशीं आमचा नात्यागोत्याचा संबंध नाहीं. परंतु आमच्या गांवची श्रीयोगेश्वरी ही कोंकणस्थांच्या कित्येक कुळांची कुलस्वामिनी. मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत देवीचा उत्सव असतो, आणि त्या दिवसांत कोंकणांतलीं कुटुंबें दर्शनाला येतात. आज त्यांच्या उतरण्याची सोय ठिकठिकाणीं झाली आहे. पूर्वीं हे पाहुणे गांवांतल्या घरांतूनच उतरत. मोठ्या काकू १९६२ सालीं लग्न होऊन या घरांत आल्या, तेव्हांपासून गुहागरकडील एक कुटुंब दर दोन-तीन वर्षांनीं आमच्याच ओसरीवर उतरत आलें. येतांना त्यांनीं आमसुलें, कुळथाचें पीठ आणि फणसपोळी आणावी, जातांना आमच्याकडची ज्वारी व तुरीची डाळ न्यावी, असा परिपाठ. निघतांना त्या घरच्या वहिनी काकूंचा हात हातांत घेऊन म्हणत, "आतां एकदां तुम्ही या हो आमच्याकडे. समुद्र दाखवतें तुम्हांला." काकू म्हणत, "येऊं, येऊं." हें 'येऊं' पन्नास वर्षें चाललें होतें.

योगेश्वरीची एक कथा आमच्याकडे मुलांना सांगतात. देवीचें लग्न परळीच्या वैजनाथाशीं ठरलें. देवी वऱ्हाड घेऊन कोंकणांतून निघाली. परंतु अंबाजोगाईपर्यंत येतें तों कोंबडा आरवला, मुहूर्त टळला, आणि सारें वऱ्हाड जागच्या जागीं पाषाण झालें. परळी येथून अवघी पंचवीसेक किलोमीटर! गांवाजवळच्या हत्तीखान्याच्या लेण्यांत दगडी हत्ती उभे आहेत, तेच तें वऱ्हाड असें जुनीं माणसें म्हणत. लहानपणीं मला नेहमीं प्रश्न पडे कीं, इतकीं शहाणीं माणसें वेळेवर निघालीं कां नाहींत? आतां त्याचें उत्तर माहीत झालें आहे. एकाचें गाठोडें बांधून व्हायचें असेल, दुसऱ्याचें पोर आजारी असेल, आणि तिसऱ्याला वाटलें असेल कीं घाई कसली आहे?

आमच्या घरांतला तो तिसरा मी.

बेत मुळांत काकांचा. २०१५ च्या दिवाळींत फराळाच्या वेळीं ते म्हणाले, "हिला एकदां समुद्र दाखवून आणूं. मलाहि कुठें पाहिला आहे?" पुढच्या उन्हाळ्यांत जावें असें ठरलें. परंतु त्या वर्षीं पाऊस रुसला. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडलें; २०१६ च्या एप्रिलांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आमची विहीर तळाला गेली होती. "गांव टँकरची वाट पाहत बसलें असतां आपण पाण्याची मौज पाहायला निघावें हें बरें दिसत नाहीं," असें काका म्हणाले, आणि तें खरेंच होतें.

२०१८ सालीं सर्व कांहीं जुळलें होतें. तेव्हां मीं मोडता घातला. मुलीची दहावी होती. परीक्षा मार्चमध्यें, प्रवास डिसेंबरचा. आठ दिवसांनीं तिचें कांहीं अडलें नसतें हें मला तेव्हांहि कळत होतें. पण बापाच्या अंगीं एक प्रकारचा खोटा गंभीरपणा येतो, तो माझ्या अंगीं आला. काका एवढेंच म्हणाले, "बरें, परीक्षा होऊं दे." पुढें २०२० च्या एप्रिलसाठीं गाडी सांगितली, उतरण्याची जागा ठरवली, आणि मार्चअखेर सारा देशच घरांत बसला. २०२१ च्या वैशाखांत काका गेले. त्यानंतर समुद्राचें नांव घरांत कोणीं काढलें नाहीं.

तें निघालें गेल्या वर्षींच्या श्रावणांत. गुहागरच्या वहिनींचा फोन आला. त्या काकूंच्याच वयाच्या, ऐंशी उलटलेल्या. गुडघ्यांनीं पार असहकार पुकारला होता. म्हणाल्या, "आईच्या दर्शनाला येणें आतां मला जमायचें नाहीं. कुणाबरोबर प्रसाद तेवढा पाठवा." काकूंनीं फोन खालीं ठेवला, रात्रीचीं जेवणें होऊं दिलीं, आणि सर्वांची पानें उचलल्यावर म्हणाल्या, "प्रसाद मी घेऊन जाणार आहें. बरोबर कोण येतें तें तुम्ही ठरवा."

मग बेताला खरा आरंभ झाला. पहिला वाद वाहनाचा. दादांचें मत, घरच्या दोन गाड्या न्याव्या. धाकट्याचें मत, भाड्यानें सतरा जणांची एकच मोठी गाडी करावी. दोन गाड्यांत माणसांची वांटणी करतां करतां कोणी कोणाबरोबर बसायचें यावरून जे रुसवेफुगवे झाले, त्यांनीं हा प्रश्न आपोआप सुटला व मोठी गाडी ठरली. दोघांनीं देवपूजेसाठीं व गुरांसाठीं मागें राहायचें ठरलें, निघणारे नऊ.

दुसरा वाद दिवसांचा. अंतर पांचशें किलोमीटरच्या आंतलें. पुतण्यानें मोबाइलवरचा नकाशा दाखवून सांगितलें, "काकूआजी, पहाटे निघालों तर रात्रीं गुहागर!" काकू म्हणाल्या, "तुझ्या नकाशाला गुडघे नाहींत." तेव्हां प्रवास तीन दिवसांचा झाला. पहिल्या दिवशीं कळंब, येरमाळा, बार्शी, कुर्डुवाडी करीत पंढरपूर. दुसऱ्या दिवशीं आटपाडी, विटा या वाटेनें कऱ्हाड. तेथें कृष्णा आणि कोयना एकमेकींना समोरासमोर येऊन भेटतात, तो संगम सायंकाळीं पाहावा. तिसऱ्या दिवशीं पाटणवरून कुंभार्ली घाट, आणि तो उन्हें असतांनाच उतरून चिपळूणमार्गें गुहागर. घाटांत ज्यांना मळमळतें त्यांनीं पुढें बसावें, आणि चिपळूण येईपर्यंत कोरड्या दशमीपलीकडे कांहीं खाऊं नये, हा वहिनींचा कायदा.

बार्शी-कुर्डुवाडीच्या वाटेचें मला विशेष वाटे. १८९७ सालीं या दोन गांवांमध्यें बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. पुढें ती एकीकडे लातूरपर्यंत, दुसरीकडे पंढरपूरवरून १९२७ सालीं मिरजेपर्यंत गेली. आतां तो मार्ग रुंद झाला आहे, आणि याच मार्गानें तें मिरजेचें पाणी लातूरला आलें होतें. ज्या वर्षीं पाण्यावांचून आमचा बेत मोडला, त्या वर्षींच्या पाण्याच्या वाटेनेंच आम्हांला जावयाचें होतें.

तिसरा वाद तिथींचा. उत्सव पौर्णिमेला संपतो. त्याआधीं गांव सोडणें शक्य नव्हतें. वद्य तृतीयेला निघालें तर दुसऱ्या दिवशीं संकष्टी. काकू उपास सोडणार नाहींत, आणि चंद्रोदय तर रात्रीं उशिरां. मुलें म्हणूं लागलीं कीं, पंचांग घेऊन कोणी सहलीला जातें काय? इतक्यांत गुहागरच्या वहिनींच्या मुलानें फोनवर विचारलें, "तुम्ही कुठल्या तिथीला पोंचतां? म्हणजे भरतीची वेळ सांगतों." मग त्यांनीं किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब समजावून दिला. तिथीच्या आंकड्याला पाउणानें गुणावें. जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां; दिवसाची तीच, रात्रीची तीच. चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो, आणि समुद्र त्याच्या मागोमाग चालतो, म्हणून हें गणित जुळतें. काकूंनीं क्षणांत सांगितलें, "पंचमीला पोंचायचें. षष्ठीला साडेचार वाजतां भरती." त्या दिवसापासून घरांत पंचांगाची थट्टा बंद झाली.

परंतु रस्त्याची सर्वांत खरी माहिती आम्हांला नकाशानें दिली नाहीं. उन्हाळ्यांत आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या एक बाई आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला निघायचें, आणि पट्टा पडला कीं चैत्राच्या सुमारास परतायचें. बीड जिल्ह्यांतून अशीं लाखों माणसें दर वर्षीं पश्चिमेकडे जातात. नवरात्रांत त्या काकूंना भेटायला आल्या असतां रस्त्याची गोष्ट निघाली. कोठें चढ आहे, कोठें बायकांची सोय होईल असा पेट्रोलपंप आहे, हें सारें त्यांनीं हातांच्या बोटांवर मोजून सांगितलें. "उसाच्या ट्रॉल्या दोन दोन जोडलेल्या असत्यात. अंधारात मागं दिवा नसतो. दिवस मावळला की गाडी चालवूच नका," असें त्यांनीं बजावलें. आमच्या घरीं दहा वर्षें ज्या रस्त्याच्या गप्पा चालल्या होत्या, त्या रस्त्यानें त्या दर वर्षीं जाऊन येत होत्या. काकूंनीं विचारलें, "मग समुद्र पाहिला असेल तुम्हीं?" त्या हांसून म्हणाल्या, "न्हाई हो आई. कऱ्हाडाच्या पल्याड ऊसच न्हाई, मंग कशाला जावं?"

त्यावर काकू कांहीं बोलल्या नाहींत. मीहि बोललों नाहीं. माझ्या मनांत २०१८ चा डिसेंबर येऊन गेला. मला जाणें शक्य असून मीं तें पुढें ढकललें होतें.

वद्य तृतीयेला पहाटे, कोंबडा आरवण्यापूर्वीं, आम्ही निघालों. धपाटे, दशम्या, शेंगांची चटणी, संकष्टीसाठीं भिजवायचा साबुदाणा, औषधांचा डबा, आणि काकूंच्या मांडीवर देवीच्या प्रसादाची पिशवी. ती त्यांनीं तीन दिवस खालीं ठेवली नाहीं. पंढरपुरापुढें ट्रॉल्या लागल्या, तेव्हां त्या बाईंची आठवण सर्वांनाच झाली, आणि दिवस मावळण्यापूर्वीं कऱ्हाड गांठलें.

गुहागरला दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे पाहत बराच वेळ नुसत्या बसल्या. वहिनींनीं प्रसादाला कपाळ लावलें, आणि मग प्रथम विचारलें तें हें कीं, "यंदा तिकडे पाऊस झाला ना?" ज्या जिल्ह्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथील बाईनें सातशेंच्या आंतबाहेर असणाऱ्या आमच्या पावसाची अशी चौकशी करावी, याचें मला फार अप्रूप वाटलें.

षष्ठीला व्याडेश्वराचें दर्शन घेऊन दुपारीं आम्ही किनाऱ्यावर गेलों. काकू खुर्चीवर बसल्या, हातांत घड्याळ. पाणी ओळीओळीनें वर येत होतें. साडेचारांच्या पुढें दहा-पंधरा मिनिटांनीं तें थबकलें, क्षणभर तेथेंच राहिलें, आणि मागें फिरलें. "जुळलें," काकू म्हणाल्या. मग पुष्कळ वेळानें, आमच्यापैकीं कोणाकडेहि न पाहतां, "ह्यांना पाहायचें होतें." मीं मान खालीं घातली. त्यांनीं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांना माझा अपराध ठाऊक होता कीं नाहीं, हें मीं अद्याप विचारलेलें नाहीं.

उठण्यापूर्वीं त्यांनीं मुलांकडून शिंपले वेंचून घेतले व एका फडक्यांत बांधले. ती पुरचुंडी आमच्या देव्हाऱ्याखालच्या खणांत चैत्रापर्यंत होती. पाडव्यानंतर त्या बाई कऱ्हाडाकडून परत आल्या, तेव्हां काकूंनीं ती त्यांच्या हातांत दिली आणि भरतीचें गणित समजावून सांगितलें. त्यांनीं एक शिंपला कानाला लावला, उलटासुलटा करून पाहिला, आणि विचारलें, "म्हंजे ते पाणी येतं आन् परत जातं व्हय?"

"रोज दोनदां," काकू म्हणाल्या.

यंदाच्या दिवाळींत टोळी निघण्यापूर्वीं काकूंनीं मुकादमाला निरोप पाठवला आहे: पट्टा पडल्यावर कऱ्हाडाहून परततांना ही दोघें दोन दिवस उशिरां येतील. कऱ्हाडापुढची गाडी आमच्याकडून. दादांनीं तारखा विचारल्या, तेव्हां काकूंनीं पंचांग उघडलें. या वेळीं कोणाच्या सवडीचा प्रश्न मीं काढलेला नाहीं.