बेनेट स्प्रिंगचा पहिला भोंगा

अमेरिकेतील मिसुरी राज्याच्या दक्षिणेस ओझार्क हा डोंगराळ प्रदेश आहे. या डोंगरांत मुरलेले पाणी लेबनॉन गावाजवळ बेनेट स्प्रिंग या झऱ्याच्या रूपाने उसळून वर येते. ते दररोज सुमारे ३८ कोटी लिटर असते आणि त्याचे तापमान बाराही महिने १४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. ट्राउट माशाला असेच थंड, प्राणवायूने समृद्ध पाणी मानवते. म्हणून झऱ्याकाठी सरकारी मत्स्यबीज केंद्र उभे आहे आणि दर वर्षी १ मार्चला येथे मासेमारीच्या हंगामाचा प्रारंभ होतो.

त्या पहाटे प्रवाहाच्या दोन्ही काठांवर माणसांची दाटी होते. आजोबा, मुलगा आणि नातू खांद्याला खांदा लावून उभे असतात. गळ तयार असतो. पण साडेसहाचा भोंगा वाजेपर्यंत तो पाण्यात पडत नाही. भोंगा होताच शेकडो दोऱ्या एकदम हवेत झेपावतात.

उत्सवाला नियमांची चौकट आहे. लहान मुलासह प्रत्येकाला त्या दिवसाचे परवानापत्र घ्यावे लागते. दिवसाला चारच मासे ठेवता येतात. झऱ्यालगतच्या पट्ट्यात केवळ पिसे-दोऱ्यांची कृत्रिम माशी चालते. नैसर्गिक आमिषाला जागा खालच्या पट्ट्यात. मासे घरी नेण्याचा हा हंगाम ३१ ऑक्टोबरला संपतो.

डॉक्टर या नात्याने मला सर्वांत भावला तो बुटांचा नियम. नमद्याचे तळवे ओल्या दगडांवर घट्ट धरतात, परंतु ते ओलावा धरून ठेवतात आणि एका नदीतील उपद्रवी शेवाळ दुसरीत पोहोचवू शकतात. म्हणून २०१२ पासून येथे त्यांना बंदी आहे. संसर्ग रोखण्याचे हे तत्त्व आपल्या हात धुण्याच्या नियमाहून वेगळे नाही.

मात्र पाय घसरण्याची काळजी त्यामुळे वाढते. माझ्या थोरल्या मेहुण्यांची अँजिओप्लास्टी आठ महिन्यांपूर्वी झाली होती, आणि बावीस वर्षांचा हा नेम त्यांना मोडायचा नव्हता. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तपासून अनुमती दिली, ती अटींसह: पाणी गुडघ्याच्या वर नको, एका वेळी अर्धा तास, सोबत मुलगा हवाच. मेहुण्यांनी कुरकुर केली, पण पाळले. दोन मासे मिळाल्यावर ते स्वतःहून काठावर आले आणि नातवाच्या गळाकडे पाहत बसले.

आपण परदेशी मुलांकडे जाऊन अशा एखाद्या प्रवाहात उतरणार असाल, तर काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. कमरेपर्यंतच्या जलरोधक विजारीवर पट्टा आवळावा, म्हणजे पडल्यास आत पाणी भरत नाही. गळाच्या काट्यापासून डोळे वाचवण्यासाठी चष्मा घालावा. धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असावी. काटा खोल रुतल्यास स्वतः ओढू नये. ओले कपडे त्वरित बदलावेत. छातीत जडपणा किंवा दम जाणवल्यास लगेच पाण्याबाहेर येऊन वैद्यकीय मदत बोलवावी. मासा सुटला तरी चालेल. मिळालेला मासा बर्फात ठेवून त्याच दिवशी भाजून खावा. ओमेगा-३ मेदाम्लांचा तो उत्तम स्रोत आहे, आणि त्याला तेलात बुडवण्याची मुळीच गरज नसते.