कल्याणचा हरवलेला खजिना

बाबूराव पेंटरांनी १९२४ साली कोल्हापुरात ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. चित्रपट आज बघायला मिळत नाही, पोस्टर मात्र उरलं. आपल्या देशातलं सर्वांत जुनं शिल्लक सचित्र पोस्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. एका पुस्तकात ते पाहिलं आणि तेव्हापासून मनात होतं, ज्या गावची ही गोष्ट त्या कल्याणला एकदा जायचं.

स्टेशनजवळच्या लॉजात रात्रभर डोळा लागला नाही. खोलीला खिडकी नव्हती, तरी गाड्यांच्या घोषणा आत येत होत्या. सकाळी रिक्षा केली. काळा तलाव मागे पडला. सुभेदारवाडा नुसता बाहेरून पाहिला. तो पेशवाईतल्या रामजी महादेव बिवलकरांचा, ‘कल्याण खजिना’तल्या सुभेदाराचा नव्हे.

दुर्गाडी किल्ल्यावर चढलो तेव्हा खाडीला भरती होती. १६५७च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीकाठी मराठी आरमाराची जहाजं बांधायला घेतली. खजिन्याबरोबर आबाजी सोनदेवांनी सुभेदाराची सून दरबारात आणली आणि महाराजांनी तिला सन्मानाने परत पाठवलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो; पेंटरांचा मूकपटही तिच्यावरच. सोबत आलेले इतिहासाचे निवृत्त शिक्षक इथे अडले. “सुनेचा उल्लेख समकालीन कागदात दाखवा.” मी म्हटलं, “सर, पण लोकांनी ही गोष्ट इतकी जपली, त्याला काहीच किंमत नाही?” “आहे ना. पण तो लोकांचा इतिहास झाला, महाराजांचा नव्हे.”

मला ते पटलं. तरी मन पेंटरांकडेच ओढत होतं. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस. कॅमेरा घडवण्याचं स्वप्न त्याने आणि आतेभाऊ आनंदरावांनी मिळून पाहिलं. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकरांनी पैसा दिला. १९२०च्या ‘सैरंध्री’नंतर टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. चित्रीकरणाआधी ते दृश्य कागदावर रेखाटत. म्हणजे सून दरबारात कुठे उभी राहील, उजेड तिच्यावर कुठून पडेल, हे आधी त्यांच्या पेन्सिलीने ठरवलं असणार. ती फिल्म गेली, आणि जे चित्रकाराच्या हातचं होतं तेच राहिलं.

दुपारी टिटवाळा करायचं ठरलं होतं. ते राहिलं. सर घरी गेले. खाडी ओसरून काठचा चिखल उघडा पडेपर्यंत मी बुरुजापाशी बसून तो दरबार डोळ्यांपुढे उभा करत होतो. सुनेचा चेहरा काही केल्या दिसेना.