अक्षांश, रेखांश आणि अण्णा

माणसाला एक तरी छंद असावा असं म्हणतात. असं म्हणणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात आणि त्यांना दुसऱ्याला उपदेश करण्याचा छंद असतो. मला चव्वेचाळीस वर्षांत एकही छंद जडला नव्हता. पोस्टाची तिकिटं जमवायचं वय होतं तेव्हा पत्रंच येत नव्हती आणि गाण्याची आवड होती तेव्हा शेजारी विरोधात होते. पुढं बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि दुसऱ्यांचे पैसे मोजणं हाच छंद आणि हाच व्यवसाय होऊन बसला.

अशा निर्व्यसनी माणसाच्या आयुष्यात अधोगती शिरते ती बहुधा मुलांच्या पुस्तकांतून. आमच्या कन्येला शाळेत प्रोग्रॅमिंग आलं. ‘बाबा, जरा बघा ना, हे का चालत नाही?’ असं तिनं एका रात्री विचारलं. मी बघितलं. मला काहीच कळलं नाही. पण बापानं ‘कळत नाही’ म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. ‘उद्या सांगतो,’ असं बँकेत काउंटरवर म्हणतात तसं म्हणालो आणि ती झोपल्यावर पुस्तक उघडून बसलो.

भाषेचं नाव पायथॉन. अजगराशी तिचा संबंध नाही. गिडो व्हान रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी ती १९९१ साली बाहेर काढली आणि ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदवीरांच्या मंडळीवरून तिला नाव दिलं. विनोदाचा भाग तिथंच संपतो. ही भाषा समासाच्या बाबतीत आमच्या मराठीच्या मास्तरांहून कडक आहे. ओळ दोन घरं अलीकडे सुरू केलीत की सगळं काम बंद! अपूर्णविराम विसरलात, बंद! पण एक सांगतो, बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही. चेकवर एक सही अर्धा इंच खाली आली म्हणून आम्हीही परत पाठवतोच की!

पहिला प्रोग्रॅम केला तो सरळव्याजाचा. मुद्दल, दर आणि मुदत घातली की व्याज बाहेर. उत्तर बरोबर आलं तेव्हा मी रात्री साडेबारा वाजता सौभाग्यवतींना उठवलं. त्यांनी पडद्याकडे एकदा, घड्याळाकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाल्या, ‘अहो, हे तुम्हाला तोंडी येतं की!’

म्हणून मग तोंडी न येणारं काहीतरी करायचं ठरवलं.

आता थोडं मुंबईबद्दल. मी डोंबिवलीचा. मुंबईत रोज जातो असं मी लोकांना सांगत असे. खरं म्हणजे मी रोज स्टेशनपासून बँकेपर्यंतच जात होतो. अंतर सातशे पावलं. वीस वर्षं तीच सातशे पावलं! उरलेली मुंबई मी परगावच्या पाहुण्यांकडून ऐकली होती. एकदा काउंटरवर एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, ‘बाळा, इथून बाणगंगा कशी जवळ पडेल?’ मी त्यांना तीन नंबरच्या खिडकीवर पाठवलं. ती सवय होती. पण त्या गेल्यावर फार लाज वाटली.

तेव्हापासून रविवारी फिरायला निघू लागलो. रविवारी मेगाब्लॉक असतो हे ठाऊक असूनही निघतो तोच खरा प्रवासी. बाणगंगा पाहिली. गिरगावातली खोताची वाडी पाहिली. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल पाहिलं. ते १७१८ सालचं. जुन्या किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जात, तो चर्चगेट. किल्ल्याची भिंत १८६०च्या दशकात पाडली, दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनाला चिकटून राहिलं. इंग्रजांच्या वेळचे मैलांचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. रोमन आकडे कोरलेले त्यांतले काही दगड अजून रस्त्याकडेला उभे आहेत. मी त्यांच्यावरून कितीदा गेलो असेन. मला वाटायचं, फूटपाथवर स्कूटर चढू नये म्हणून महापालिकेनं रोवले असतील.

जिथं जाई तिथं मोबाइलवर फोटो काढी आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकी. या ग्रुपवर एकवीस माणसं आहेत. पैकी अकरा सकाळी फुलं पाठवतात आणि दहा त्यांना हात जोडतात. मी राजाबाई टॉवरचा फोटो टाकला आणि खाली माहिती लिहिली, की हा १८७८ साली पूर्ण झाला, कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव दिलं. नऊ जणांनी हात जोडले. एका मावशींनी ‘ओम शांती’ लिहिलं. त्या राजाबाईंना आमच्यापैकी समजल्या असाव्यात. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, काहीच लिहिलं नाही. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, ‘कापूस विकणाऱ्याच्या आईचं नाव लागलं. कापड विणणाऱ्याच्या आईचं कुठं लागलं नाही.’ आणि आमटी मागितली.

याच सुमारास कल्पना सुचली. मोबाइलनं काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख आणि वेळ असते, शिवाय जागेचे अक्षांश-रेखांशही दडलेले असतात. ते बाहेर काढायचे आणि नकाशावर ठिपका द्यायचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की फोटो उघडेल. माझी सगळी मुंबई एका पानावर! अक्षांश हे अंश, मिनिटं, सेकंद असे लिहिलेले असतात. मिनिटांना साठानं भागायचं, सेकंदांना छत्तीसशेनं भागायचं आणि अंशांत मिळवायचं. व्याजापेक्षा सोपं.

पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तो घरात जिलबी आणून. नकाशा उघडला. मुंबई कोरी! एकही ठिपका नाही. चारशे फोटो गेले कुठं? कन्येनं नकाशा लहान लहान करत नेला आणि ओरडली, ‘बाबा, सापडली!’ माझी सगळी मुंबई, राजाबाई टॉवर, बाणगंगा, खोताची वाडी, नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही पुढं समुद्रात तरंगत होती!

कारण फार साधं निघालं. मुंबईचा अक्षांश एकोणीसच्या जरा अलीकडे आणि रेखांश बहात्तरच्या पुढं. नकाशाचा एक विभाग आधी अक्षांश मागतो, दुसरा आधी रेखांश मागतो. मी दोघांना एकाच क्रमानं दिले. बहात्तर अंश उत्तर म्हणजे थेट आर्क्टिक. बँकेत याला आम्ही जमेची नोंद नावे टाकणं म्हणतो. तिथं खुलासा लिहून द्यावा लागतो. इथं जिलबी थंड झाली एवढंच. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘बरं झालं, लग्नानंतर फिरायला कुठं लांब नेलं नव्हतंत.’

ती चूक सुधारली, तर दुसरी उभी. निम्म्या फोटोंत जागाच सापडेना. आठ रात्री प्रोग्रॅम तपासला. एका रुपयाच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस मी, सोडतोय कशाला! शेवटी कळलं, की हे फोटो कन्येनं ग्रुपवरून उतरवून घेतले होते आणि फोटो पाठवण्याचं ते ॲप पाठवतानाच जागेची माहिती काढून टाकतं. आपला पत्ता परक्याला कळू नये म्हणून हे चांगलंच. पण घरात आपला पत्ता कुणाला लागत नाही, याचं दुःख मला आधीच होतं.

असा महिन्या-दोन महिन्यांत नकाशा भरला. दक्षिणेला ठिपक्यांची दाटी. मध्ये मात्र मोठं भोक. परळ, लालबाग, करी रोड. तिथं एक ठिपका नाही. मी तिकडं गेलोच नव्हतो. आमच्या घरातलं कुणीच जात नसे.

अण्णा वीस वर्षांचे असताना, १९६८ साली, कोकणातून आले आणि गिरणीत लागले. साचेखात्यात. दोन साचे चालवायचे. आधी बदली, मग कायम. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा वर्षाचा होतो. तो संप मागे घेतला असं रीतसर कुणी कधी जाहीर केलं नाही. त्यामुळे हिशेबाच्या दृष्टीनं अण्णा अजून संपावर आहेत असं मी एकदा गमतीनं म्हणालो होतो. अण्णा हसले नाहीत. पुढं त्यांनी डोंबिवलीत एका किराणा दुकानात हिशेब लिहिले, मला शिकवलं, बहिणीचं लग्न केलं. दादरला ते शंभर वेळा आले असतील. दादरच्या पुढची गाडी असली तरी दादरलाच उतरत.

एका रविवारी मी करी रोडला उतरलो. भोक भरायचं एवढाच हेतू. त्यांची गिरणी शोधली. तिथं मॉल आहे, उंच काचेच्या इमारती आहेत आणि मधोमध जुनी चिमणी शोभेसाठी ठेवली आहे. रस्त्याच्या पलीकडून फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘चिमणी’. पाच मिनिटांत एका आत्यांनी विचारलं, ‘कुठे बसली आहे? दिसत नाही.’ एका भाच्यानं मॉलमध्ये सेल आहे का विचारलं. अण्णांनी फोटो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

दोन दिवस घरात कुणी विषय काढला नाही. मला वाटलं, आपण उगाच खपली काढली. तिसऱ्या दिवशी मी रात्री नकाशा उघडून बसलो होतो, तर मागे अण्णा उभे.

‘तो फोटो कुठनं काढलास?’

मी ठिपका दाखवला. ठिपका रस्त्यावर नव्हता. मॉलच्या आत, गाड्या ठेवायच्या जागेत जाऊन पडला होता. उंच इमारतींच्या मध्ये उभं राहिलं की उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि मोबाइल जागा चुकवतो. हे मी त्यांना समजावून सांगू लागलो.

‘तू आत गेला होतास?’

‘नाही हो. रस्त्यावरनंच काढला. हे चुकलंय. थांबा, हातानं आकडा बदलून सुधारतो.’

‘राहू दे,’ अण्णा म्हणाले. चष्मा पुसून त्यांनी पडद्याला नाक लावलं. ‘गेट इथं. मग टाइमकीपरची खोली. डाव्या हाताला साचेखातं. तुझा ठिपका आहे ना, तिथंच माझे साचे होते.’

मग ते बसले. चौदा वर्षं भोंग्यावर उठणारा माणूस त्रेचाळीस वर्षं गप्प होता, तो रात्री दीडपर्यंत बोलला. कुठली खानावळ, कुठल्या चाळीत एका खोलीत पाळीपाळीनं किती जण झोपत, आवाजामुळे साचेखात्यात नुसत्या ओठांवरून बोलणं कसं कळायचं. ‘म्हणून तर तुझ्या आईशी माझं जमलं,’ म्हणाले. ‘ती पुटपुटली तरी मला ऐकू यायचं.’ आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यावर त्यांनी केलेला हा पहिला विनोद.

पुढच्या रविवारी ते स्वतः चप्पल घालून दारात उभे. मेगाब्लॉक होता. तरी गेलो. करी रोडचा जिना त्यांनी सतरा मिनिटांत उतरला. आम्ही गल्ल्या-गल्ल्यांतून फिरलो. ते काठीनं दाखवायचे, ‘हा काढ.’ मी बघायचो तर समोर बँकेचं एटीएम. ‘अण्णा, इथं काय?’ ‘इथं खानावळ होती.’ खानावळ नाही, तिचा फोटो कसा काढणार? ‘मग नुसता ठिपका दे,’ म्हणाले.

प्रोग्रॅमनं साफ नकार दिला. फोटो नाही तर ठिपका नाही, असा नियम मीच लिहिला होता. नियम मोडायला मला दोन रात्री लागल्या. बँकेत एवढ्या लवकर मोडता येत नाही. आता फोटोच्या जागी अण्णांचा शेरा उघडतो. ‘इथे भोंगा होता.’ ‘इथे उसळ-पाव, उधारीवर.’ ‘इथे पहिला पगार मोजला, दोनदा.’

काल सगळा नकाशा मोजून पाहिला. सवयच ती. फोटो चारशे बारा, ठिपके चारशे एकोणतीस. फरक सतरा. बँकेत सतराचा फरक लागला असता तर मी घरी आलो नसतो. इथं दिवा मालवला आणि झोपलो.